भंडारदऱ्याचा उन्हाळा कुणाचा?

मे महिना उतरणीला लागतो तेव्हा भंडारदऱ्याचं धरण तळाला गेलेलं असतं आणि काठावरचे तंबू मात्र भरलेले असतात. पाणी उन्हाळी आवर्तनांतून केव्हाच खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या उसाला गेलेलं. रतनवाडीच्या रस्त्याने जाताना काठाची भेगाळलेली माती दिसते आणि आकसलेलं पाणी दूर कुठेतरी चमकतं. तरीही शनिवारी संध्याकाळी घोटीकडून बारीमार्गे गाड्यांची रीघ लागते. ही माणसं काजव्यांसाठी येतात. मृगाच्या आधीचे तीन-चार आठवडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजव्यांचे थवेच्या थवे एका लयीत उजळतात आणि एका लयीत विझतात. ज्याने ते पाहिलं त्याला पुन्हा यावंसं वाटतं, यात नवल काहीच नाही.

या उन्हाळ्याबद्दल अकोले तालुक्यात दोन मतं आहेत आणि अनेकदा ती एकाच घरात नांदतात. म्हणून मी ती मामा-भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक, नोकरी घाटघर-साम्रदकडच्या शाळांवर झालेली. भाचा मुरशेतजवळ काही तंबू आणि जेवणघर चालवतो. दोघे महादेव कोळी. घरची भातखाचरं आजोबा-पणजोबांच्या काळात पाण्याखाली गेलेली.

भाचा: मामा, ग्रामसभेत तुम्ही काजवा महोत्सव बंद करा म्हणालात. गावातली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. वर्षाची कमाई या तीन आठवड्यांत होते आमची.

मामा: बंद करा असं मी म्हणालो नाही. अंधार पडल्यावर गाडी वर जंगलात सोडू नका, असं म्हणालो. चार माणसं चालत जाऊन झाड बघतील, त्याला माझी ना नाही. झाडाखाली गाडी लावायची, दिवे सोडायचे, गाणी लावायची, याला ना आहे.

भाचा: एकूण एकच झालं. मुंबईचा पाहुणा दुपारी जेवून निघतो, कसाऱ्याच्या घाटात अडकतो, इथे पोचेपर्यंत अंधार पडतो. त्याला नाक्यावर थांबवला तर तो पुढच्या वर्षी यायचाच नाही.

मामा: नाही आला तर? ह्या भागात पाहुणे कधीपासून यायला लागले, ते सांग बरं मला.

भाचा: इंग्रजांपासून. साहेबांचे बंगले होते ना इथे.

मामा: ते पाहुणे नव्हते रे. साहेब उन्हाळ्यात हवा खायला महाबळेश्वरला जायचा, माथेरानला जायचा. माथेरान १८५० ला मॅलेटसाहेबाने शोधलं, म्हणजे आधीच तिथे राहणाऱ्या ठाकर-धनगरांकडून वाट विचारून घेतली. भंडारदरा कुणाच्या यादीत नव्हता. इथे साहेब आला तो कामाला. १९१० ला धरणाचं काम सुरू झालं, सोळा वर्षं चाललं. १० डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन येऊन उद्घाटन करून गेला, म्हणून विल्सन डॅम. चुन्यातलं दगडी बांधकाम, ब्याऐंशी मीटर उंच. त्या काळी देशातल्या सगळ्यात उंच धरणांत याची गणती होती. ते बंगले त्या कामाचे. आणि ते काम इथल्या उन्हाळ्यासाठी नव्हतं. खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात ना, त्या कालव्यांवरच्या शेताला उन्हाळ्यातही पाणी मिळावं, म्हणून हे तळं.

भाचा: मग माझंच म्हणणं खरं ठरलं की! शंभर वर्षं हे तळं दुसऱ्यांच्या उन्हाळ्यासाठी भरतं. खाली ऊस झाला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला. लोणीला विठ्ठलराव विख्यांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० ला. शाळा झाल्या, कॉलेजं झाली, दवाखाने झाले. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांनी कष्ट केले. पण पाणी कुठलं? घाटघर-रतनवाडीला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो आमच्या डोक्यावर पडतो. आणि आमच्या वाट्याला काय आलं? नारायणगावच्या मजूरबाजारात पहाटे उभं राहायचं. माझ्या आईने तेच केलं, तुमच्या बहिणीने.

मामा: ते मला सांगू नकोस. तिच्या पोरांना सांभाळायला मीच होतो.

भाचा: म्हणूनच सांगतो. धरणातलं पाणी आपण अडवू शकत नाही. पण धरण दिसतं ते आपल्या ओट्यावरून. ह्या तळ्याने आम्हाला पहिल्यांदा जो पैसा दिला तो त्याच्या दिसण्याचा. त्याच्यावर तुम्ही कुलूप लावायला निघालात.

भाच्याच्या या मुद्द्याला शहरातला निसर्गप्रेमी वाचक सहसा हलकं लेखतो. तसं करू नये. सह्याद्रीत जिथे जिथे धरणं झाली तिथे पाणलोटातला माणूस हिशेबाबाहेर राहिला. मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ला सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, म्हणून मुळशीचे मावळे निदान इतिहासाच्या पुस्तकात आले. भंडारदऱ्याचं काम तेव्हा मध्यावर होतं. इथे बुडालेल्या खाचरांची नावं शाळेच्या पुस्तकात नाहीत. धरणाच्या साठ्याचा आकडा मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊसकरी शेतकरी झोपेत सांगेल: अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट. पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरलं का, हा तिकडचा दरवर्षीचा पहिला प्रश्न.

पाहुण्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते निसर्गरम्य सरोवर. धरणाच्या पायथ्याशी छत्रीसारखा फुलणारा अंब्रेला फॉल पाहून तो हरखतो, पण तो धबधबा धरणाच्या मोरीतून सोडलेल्या पाण्याचा असतो. रंधा धबधब्याची गोष्ट निराळी, तो प्रवरेचा स्वतःचा. तरी त्याची धारही आता वरून किती पाणी सोडलं यावर ठरते. हा सगळा परिसर पर्यटकाच्या डोळ्यांना रानटी वाटत असला तरी त्याच्या पाण्याची घडी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने बांधलेली आहे. वर घाटघरला २००८ पासून अडीचशे मेगावॉटचा वीजप्रकल्प चालतो. पाणी कड्यावरून खाली कोकणाच्या अंगाला सोडून वीज करायची, आणि मागणी कमी असेल त्या वेळी तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. तळं, कालवा, वीज, सगळं मोजून. न मोजलेला एकच माणूस राहतो, आणि तो शेंडी-मुरशेतच्या पाड्यावरचा.

मामा: तुझ्या दिसण्याच्या पैशाचं ऐकलं मी. आता हिशेब सांग. मुरशेतपासून पांजऱ्यापर्यंत काठाला जे तंबू लागलेत, त्यांतले गावच्या पोरांचे किती?

भाचा: निम्मे तरी असतील.

मामा: नावावर निम्मे. पैसा कुणी घातला? नाशिकच्या, ठाण्याच्या भागीदाराने. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, महसूल कायद्याचं छत्तीस-अ कलम आहे. म्हणून सातबारावर तू आणि गल्ल्यावर तो. राघोजी भांगरे शेजारच्या देवगावचा. सावकारांनी जमिनी लुबाडल्या म्हणून तो उठला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्याच्या जयंतीला तू झेंडा घेऊन पुढे असतोस.

भाचा: माझा भागीदार नाही, मामा. बँकेने कर्ज दिलं नाही, तेव्हा मी बचत गटाकडून घेतलं, तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना भागीदार घ्यावा लागला त्यांना दोष देऊ नका. तंबू, गाद्या, इन्व्हर्टर, संडास, एवढं भांडवल आणायचं कुठून?

मामा: दोष देत नाही. पण जमीन गेली की धंदाही त्याचाच होतो, तू त्याच्याकडे चहा वाटायला राहतोस. आणि पाण्याचं काय? मे महिन्यात उडदावण्याकडच्या बाया हंडे घेऊन ओढ्यातल्या झऱ्यावर बसतात. वाटी वाटी पाणी भरतात. तेवढा पाऊस पडून, समोर धरण असून. आणि तंबूतल्या पाहुण्याला सकाळी आंघोळीला बादलीभर गरम पाणी.

भाचा: मी न्हाणीघर ठेवलेलंच नाही. फक्त हातपाय धुवायला पाणी. पाहुणे कुरकुरतात, मी सांगतो की उन्हाळ्यात इथे पाणी नसतं. काही समजून घेतात. काही म्हणतात, समोर एवढं तळं आहे की. तेव्हा मी त्यांना कालव्याची गोष्ट सांगतो.

इथे मामा गप्प झाले असते असं मला वाटतं. भाचा पाहुण्याला कालव्याची गोष्ट सांगतो, हे त्यांच्या मास्तरकीला भावलं असतं. पण त्यांचा मूळ आक्षेप पाण्याचा नाही, अंधाराचा आहे. तो शास्त्रानेही पक्का आहे.

मामा: काजवा वर्षभर कुठे असतो, सांगतोस पाहुण्यांना?

भाचा: जमिनीत.

मामा: जमिनीत, पाचोळ्याखाली. अळी म्हणून. गोगलगाय, गांडूळ खाऊन वाढते. आपण ज्याला काजवा म्हणतो ते पंख फुटलेलं रूप, ते जगतं जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या दिवसांत त्याला एकच काम, जोडीदार शोधणं. नर उडत लुकलुकतो, मादी बहुधा झाडाझुडपावर, गवतावर बसून त्याला उत्तर देते. ह्या खुणेवर त्यांची पुढची पिढी अवलंबून. तू तिथे गाडीचा हेडलाइट टाकलास, मोबाइलची बॅटरी धरलीस, की ती खूण बुडाली. आणि माणसं झाडाखाली गवत तुडवतात, तिथेच मादी अंडी घालणार. ह्या वर्षी पाहुणे जास्त आले म्हणून पुढच्या वर्षी काजवे कमी झाले, तर तू कुणाकडे भरपाई मागणार?

भाचा: रस्त्याच्या कडेची झाडं आता पूर्वीसारखी भरत नाहीत, हे मलाही दिसतं. पण मामा, खरं बोलायचं तर आपणही राब भाजतो. फांद्या तोडायच्या, पाला-शेण पसरायचं, मे महिन्यात पेटवून द्यायचं. त्यात पाचोळ्यातल्या अळ्या मरत नाहीत? पाहुण्यांच्या बॅटरीला तुम्ही नावं ठेवता आणि आपल्या आगीला नाही?

मामा: राब भाजतो तो खाचराच्या एका कोपऱ्यावर, जिथे भाताचं रोप टाकायचं तेवढ्यापुरता. अख्खं रान नाही पेटवत. पण तुझं चूक नाही. राबासाठी सादड्याच्या फांद्या खरवडून काढतात, झाडं ठुंठी होतात. ते कमी करायला हवं, आणि काही लोक करतातही. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघ. गावठी बियाणं सांभाळलं म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बाईंनी जुनं ते सगळं चांगलं असं कधी म्हटलं नाही, काय ठेवायचं ते निवडून ठेवलं. तसं आपल्याला निवडायचंय.

भाचा: मग माझं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते सांगा ना. नुसतं बंद म्हणू नका.

या ठिकाणी मला एक परदेशी उदाहरण आठवतं, कारण तळ्यांच्या प्रदेशात पर्यटक येऊ द्यावेत का हा वाद जगात जुना आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टची वाटाड्या पुस्तिका लिहिणारा कवी वर्ड्स्वर्थ १८४४ मध्ये विंडरमिअरच्या काठापर्यंत येणाऱ्या रेल्वेविरुद्ध वर्तमानपत्रातून लढला. गिरण्यांतल्या मजुरांचे लोंढे येतील आणि तळ्यांची शांतता जाईल, ही त्याची भीती. रेल्वे १८४७ ला आलीच. पुढे त्याच प्रदेशातलं थर्लमिअर तळं मँचेस्टर शहराला पाणी पुरवण्यासाठी धरण बांधून फुगवलं गेलं आणि १८९४ पासून ते पाणी शहराला मिळू लागलं. त्या वादातले आवाज मोठे होते: कवी, रेल्वे कंपनी, महापालिका. डोंगरात मेंढ्या राखणाऱ्याचा आवाज त्यात फार थोडा ऐकू येतो. भंडारदऱ्यात आज तोच धोका आहे. वन्यजीवप्रेमी एका बाजूला, पर्यटन व्यावसायिक दुसऱ्या बाजूला, आणि मामा-भाचे दोघेही मधल्या रेषेवर. माझ्या मते त्या दोघांमध्ये जो करार होईल तोच टिकेल. बाहेरून लादलेली बंदी नाही टिकणार आणि बाहेरून आलेली जाहिरातही नाही.

मामा: ऐक तर. पहिलं, गाड्या शेंडीत ठेवायच्या. वर न्यायला गावच्या जीपा, आणि त्याही झाडांच्या अलीकडे थांबतील. तिथून पुढे पायी, गावच्या वाटाड्याबरोबर. मोबाइल खिशात.

भाचा: जीप ज्याच्याकडे आहे त्याचं भलं होईल. कोलटेंभ्यात, साम्रदला ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांचं काय? तुमच्या नियमाने पैसा पुन्हा दोन-चार घरांतच फिरेल.

मामा: म्हणून दुसरं. पुरुषवाडीला बघ. तिथे गावाने मिळून पाहुणे ठेवायची रीत बसवलीय. जेवण पाळीपाळीने घराघरांत. आज ह्या घरी भाकरी, उद्या त्या घरी. वाटाडे पाळीने. तसं आपल्याकडे का नको?

भाचा: पुरुषवाडी एक गाव. आपल्याकडे शेंडीपासून घाटघरपर्यंत किती गावं आणि वाड्या! प्रत्येकाची ग्रामसभा वेगळी, आणि तंबूवाल्यांत चुरस. मी भाव धरला की शेजारचा उतरवतो. तरी पाळीची गोष्ट मला पटते. नागलीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी माझ्या बायकोपेक्षा चांगली करणाऱ्या बाया पाड्यावर आहेत, त्यांना मी स्वयंपाकाला बोलावतो आणि मजुरी देतो. त्यांनी स्वतःच्या चुलीवर करावं आणि पैसे त्यांनाच मिळावेत, हे बरं.

मामा: तिसरं ऐक. काही रान असं सोडायचं की तिथे मे-जूनमध्ये रात्री कुणीही जायचं नाही. मी नाही, तू नाही, वनखात्याची गाडीसुद्धा नाही. तिथल्या काजव्यांवर बाकीच्या रानातल्या काजव्यांचं बी टिकेल.

भाचा: कुठलं रान?

मामा: ते तुम्ही पोरांनी ठरवायचं. रात्रीचं रान तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

भाचा: हे मान्य. पण मग माझं एक. उन्हाळ्याचे पाहुणे कमी करायचे तर कालव्याकडून काहीतरी आलं पाहिजे. खालचा शेतकरी पाणीपट्टी भरतो, कारखाने उभे आहेत. त्यातला काही भाग दरवर्षी वरच्या गावांच्या विहिरींना, टाक्यांना, झाडं राखायला का नाही? डोंगरावरचं रान राखलं म्हणून धरण गाळाने भरत नाही. ते रान आम्ही राखतो. हा हिशेब कुणी मांडत नाही, तुम्ही नुसतं काजव्यांचं मांडता.

मामा: हे तू ग्रामसभेत बोललास का?

भाचा: नाही. तुम्ही आधीच बंदीचं बोललात, मग भांडणच झालं.

मामा: मी बंदीचं नाही बोललो.

भाचा: बरं, अंधाराचं बोललात. आता सांगा, शनिवारी रात्री शेंडीच्या नाक्यावर गाड्या कोण थांबवणार? अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड. १९८६ पासून वनखात्याच्या ताब्यात. प्रवेशशुल्क घेतलं जातं, पावती मिळते आणि गाडी आत सोडली जाते. पावती फाडणाऱ्याला गाडी परत पाठवायचं काय पडलंय?

मामा: नाक्यावर बचत गटाच्या बाया बसवायच्या. त्यांच्यासमोर दारू पिऊन आलेला गाडीवाला आवाज चढवत नाही, हे मी पाहिलंय. जितकी माणसं ठरतील तितक्याच पावत्या. त्या संपल्या की फाटक बंद, मग मंत्र्याची गाडी का असेना.

भाचा: मंत्र्याची गाडी आली की फोन येतो, मामा.

मामा: येऊ दे. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यात ग्रामसभेला जे अधिकार दिलेत ते फोनवर काढून घेता येत नाहीत. ठराव लेखी हवा, सह्या हव्यात, प्रत वनखात्याला आणि तहसीलदाराला.

भाचा: आणि शुल्काचा पैसा? तो परिस्थितीकीय विकास समितीकडे जातो म्हणतात. किती जमा झाला, कुठे खर्च झाला, ते ग्रामसभेत वाचून दाखवलेलं मी तरी ऐकलं नाही. बाया नाक्यावर रात्र काढणार असतील तर आधी तो हिशेब वाचा. त्यांची मजुरी त्यातून निघाली पाहिजे, आणि उडदावण्याच्या झऱ्यावर टाकी पण.

मामा: मग ठरावात पहिलं कलम तेच घालू. अंधाराचं दुसरं.

भाचा: पहिलं कलम तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. दुसरं मी लिहितो. आणि कालव्याच्या पाणीपट्टीचं तिसरं. ते वाचायला लोणी-राहात्याचे लोक येणार नाहीत म्हणून वगळायचं नाही.

मामा: वगळत नाही. पण ग्रामसभा पावसाच्या आत घ्यायला हवी. एकदा भातलावणी सुरू झाली की माणूस मिळायचा नाही.